माझ्या चौकटीवरचा हात

मित्रांनो, मी एक जुने ओकचे दार आहे, आणि मनाने जरा जळके आहे, हे आधीच सांगून टाकते.

स्वित्झर्लंडमध्ये, ऱ्हाईन नदीच्या अलीकडे, सुर्ब नदीच्या खोऱ्यात माझे घर आहे. छप्पर एक, दारे दोन. ज्यू आणि ख्रिस्ती माणसांनी एका दाराने ये-जा करू नये असा पूर्वी दंडक होता, असे जुनी माणसे सांगत. म्हणून सुताराने एकाच खोडातून आम्हा जुळ्यांना घडवले. उजवे दार वायलरांचे, डावे मी, येट्सरांचे.

जुळ्याच्या चौकटीवर पत्र्याची एक छोटी नळी तिरपी ठोकलेली होती. तिच्यात प्रार्थना गुंडाळून ठेवलेली असे. वायलरांकडचे लहानथोर येता-जाता तिला बोटे लावत आणि ती बोटे ओठांशी नेत. दिवसातून किती वेळा! आणि माझ्या नशिबी? कास्पर येट्सरच्या दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या, म्हणून मला बुटाची लाथ. मी आतल्या आत जळत असे. आम्ही दोघे एकाच खोडाचे, मग माया त्यालाच का?

मग युद्ध आले. आमचा देश त्यात नव्हता. ऱ्हाईनपलीकडे ज्यूंना धरून नेत होते, आणि कुणी जीव वाचवून अलीकडे आलेच, तर त्याला परत पलीकडे सोडा, असा हुकूम होता. गावचा शिपाई वायलरांकडे पुन्हा पुन्हा झडतीला येई. खरे सांगते, मला त्याचाही हेवा वाटे. थाप पडायची तीसुद्धा त्याच दारावर.

एका सकाळी सेलिन वायलर माझ्या उंबऱ्यापाशी आली. तिची भाची लोरे नदी ओलांडून आली होती. एकोणीस वर्षांची पोर. तिला कास्परने ठेवून घ्यावे, एवढेच सेलिनचे मागणे.

कास्पर म्हणाला, "सेलिनवहिनी, मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"म्हणजे उंबऱ्यावर बसणार. कास्परभाऊ, उंबऱ्यावर बसणारा स्वतः सुखात असतो, ठेचाळतो तो येणारा."

कास्परने बादल्या उचलल्या. मग पुटपुटला, की गोठ्यात कोण झोपते ते आपण काही पाहत बसत नाही.

लोरे कास्परच्या मेलेल्या बायकोचा एप्रन बांधून गवत कापू लागली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुधाची बादली घेऊन आली, तेव्हा शिपाई अंगणातच उभा होता. कास्पर दारात. ही कोण, असे शिपायाने विचारले. कामाला आणली आहे, कास्पर म्हणाला. तेवढ्यात लोरेने उंबरा ओलांडला, आणि तिचा मोकळा हात आपसूक वर गेला. माझ्या रिकाम्या चौकटीला बोटे लागली, ती ओठांशी गेली.

ज्यासाठी मी जन्मभर जळले, ते मिळाले, आणि माझा थरकाप झाला.

"असं तर ज्यू करतात," शिपाई म्हणाला.

कास्पर पुढे आला आणि त्याने आपला रुंद पंजा नेमका तिथेच ठेवला, जिथे खिळ्याचे भोक असायला हवे होते आणि नव्हते.

"आमच्या आईचं पवित्र पाण्याचं भांडं होतं इथं, येता-जाता बोटं बुडवायला. भांडं फुटलं, घरच्यांची सवय काही फुटली नाही."

"घरच्यांची?"

"माझ्या बायकोची भाची आहे ती." कास्परने तीच बोटे कपाळाला लावून क्रूसाची खूण केली. "चल गं पोरी आत, दूध नासेल."

शिपाई त्या पंज्याकडे बराच वेळ पाहत राहिला. पंजा हलला नाही. शेवटी शिपाईच वळला.

त्याच संध्याकाळी कास्परने तिथे खिळा ठोकून एक भांडे टांगले. दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. युद्ध संपेपर्यंत लोरे त्या भांड्याखालच्या लाकडाला बोटे लावत राहिली.

पुढे वायलर शहरात गेले, नळी गेली, कास्परही देवाघरी गेला. लोरे म्हातारी होऊन एकदा आली, ती आधी माझ्याकडे. त्या दिवशी शेजारची बिजागरी कुरकुरली. जळू दे, मी म्हटले.

मित्रांनो, आमच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घालत जा. आणि कुणी धावत आले, तर मी मध्ये पडत नाही असे म्हणू नका. दार एक तर उघडते, नाही तर बंद राहते. बंद राहिलेले दार कुणाला विसरता येत नाही, बाहेर उभ्या राहिलेल्याला तर नाहीच.