उंबरा घेऊन समुद्राला

धुळ्याच्या लखीचंद सेठांनी राहत्या घराचा उंबरा उपटून मोटारीला बसवला, ती मोटार मी चालवली. दुसरे लोक ही गोष्ट सांगतात त्यात खोटं फार असतं. माझ्यात कमी आहे.

सेठांची एकुलती मुलगी लग्न होऊन कलकत्त्याला गेली आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच उरली. त्यातल्या धनकुंवर सेठाणींनी नेम धरला, की चातुर्मासात, म्हणजे भर पावसाळ्यात, घराचा उंबरा ओलांडायचा नाही. दिवसभर माळ, पोथी आणि सामायिक, म्हणजे जैनांचं दोन घडींचं ध्यान. सेठ जेवायला बसले की समोर ताट असे, ताटापलीकडे कोणी नसे. तरुणपणी कापसाच्या सौद्यासाठी गेले असताना त्यांनी डहाणूकडचा समुद्र भर पावसात बघितला होता, एकट्यानेच. तो एकदा बायकोच्या शेजारी उभं राहून बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि समुद्र उसळतो नेमका चातुर्मासात.

तर सेठांनी लिलावातली जुनी बस घेतली. आत पलंग, चूल, पाण्याचा हंडा, खुंट्या, भिंतीला चुनासुद्धा. मग उखर्डू सुताराला बोलावलं.

"घरना उंबरा मोटरले?" उखर्डूने पटाशी खाली ठेवली. "सुपडू, सेठले येड लागेल शे का रे?"

"तू ठोक मुकाट्याने," मी म्हणालो.

सेठांचा हिशोब सरळ होता. बसचं मागचं दार घराच्या दाराला अगदी चिकटवून लावायचं. घराचा उंबरा काढून बसच्या पुढच्या दाराला बसवायचा. म्हणजे बस ही घराचीच खोली झाली. सेठाणी चालत आत आल्या तरी उंबरा ओलांडला जात नाही, तो अजून पुढेच आहे!

सेठाणी आल्या. खोलीभर फिरल्या. वाकून उंबऱ्याच्या झिजलेल्या खाचेवरून बोट फिरवलं.

"आपलाच आहे," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून, "तुम्ही वकील व्हायचं सोडून कापसात कुठे पडलात? येते मी. पण हा उंबरा ओलांडून खाली उतरणार नाही, आधीच सांगते."

"नको उतरू," सेठ म्हणाले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी चक्क डोळा मारला.

साक्री सोडली आणि पाऊस लागला. कोंडाईबारीच्या घाटात तर असा, की समोरचा ट्रक मला आधी पोहताना दिसला, मग चालताना. नवापूरच्या पुढे एक मासा काचेवर येऊन बसला. वायपरने मी त्याला ढकलतोय, तर पठ्ठ्या वायपरच तोंडात धरून सुरतेपर्यंत फुकट आला. सेठ पोट धरून हसले. मागे माळेचे मणी तेवढे सरकत होते.

उंबरगावपासून आम्ही समुद्राची कड धरली. सुरूची बनं, चिकूच्या बागा, ताडांच्या रांगा, सगळं भिजून काळं पडलेलं, आणि वाटेत माणूस नाही. सेठ थोड्या थोड्या वेळाने मोटार थांबवत, छत्री घेऊन उतरत, पाण्याकडे चालत जात आणि वळून हाका मारत.

"धनकुंवर, ये ना! इथे कोण बघतंय?"

"मी बघते ना," खिडकीतून उत्तर येई.

वाऱ्याने छत्री उलटी होई, ती सरळ करत सेठ परत येत. धोतराचा घोळ पिळत बसत. असं डहाणूपर्यंत झालं आणि डहाणूहून परत फिरतानाही झालं.

बोर्डीला ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं. सेठ लोटा घेऊन तिथवर चालत गेले आणि भरून घेऊन आले. "तू येत नाहीस, तर निदान हात तरी बुडव."

सेठाणी हात पुढे नेता नेता थांबल्या. "गाळू द्या आधी."

त्यांच्या घरात न गाळलेलं पाणी कधी कोणी वापरलं नव्हतं, मग ते समुद्राचं का असेना. त्यांनी वाटीवर कापड दुहेरी धरून लोटा ओतला. कापडावर तांदळाच्या कणीएवढं, काचेसारखं काहीतरी वळवळत राहिलं. एक नव्हे, पुष्कळ. आता त्यांच्यात गाळण्यातले जीव फेकून देत नाहीत. ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात, जिवंत असताना सोडायचे असतात.

"जा, सोडून या," सेठाणी म्हणाल्या. "लवकर."

सेठांनी लांबच्या पाण्याकडे बघितलं. मग बायकोकडे. "माझा हात कापतो. वाटेत सांडतील."

हात मुळीच कापत नव्हता.

"सुपडूभाऊ, तुम्ही?" सेठाणींनी विचारलं.

मी हात दाखवले. डिझेलने काळे होते, खरोखरच होते. कोणता जीव त्यात जगणार?

सेठाणींनी कापडाकडे बघितलं. वळवळ मंद होत होती. वाटीतलं पाणी त्यांनी पुन्हा कापडावर शिंपडलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून खाली उतरल्या.

सेठांचं तोंड नवरदेवासारखं फुललं. छत्री सगळी बायकोवर धरून ते शेजारी चालू लागले. वाळूत बारीक खेकडे भरलेले. एकही पायाखाली येऊ नये म्हणून सेठाणी नजर खाली लावून पाऊल टाकत होत्या.

"ती लाट बघ! अगं, ती नाही, तिच्या मागची! बघ तरी!" सेठांचा आवाज वाऱ्यातून तुटत तुटत माझ्यापर्यंत येत होता.

पाण्याशी पोचून त्या वाकल्या. कापड बुडवून धरलं, सगळे जीव सुटेपर्यंत. मग तशाच खाली बघत वळल्या. पाठीशी समुद्र गरजत होता. बाईने मान वर केली नाही.

बसच्या पायरीशी येऊन त्या म्हणाल्या, "माझा नेम मोडला. आता चातुर्मास संपेपर्यंत मौन."

"बरं," सेठ घाईने म्हणाले. "पण त्याआधी एकदा सांग, कसा वाटला?"

सेठाणींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मग आत जाऊन कापड खुंटीवर वाळत घातलं.

परतीला सेठ पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. सुरत गेली, बारडोली गेली.

"सुपडू, तू तरी बोल."

"काय बोलू, सेठ?"

"काहीही. खोटं चालेल."

मग मी बोलत सुटलो. तापीत बुडालेली बैलगाडी खालून चालत चालत पलीकडच्या काठाला कशी निघाली ते सांगितलं, पारोळ्याच्या किल्ल्यावरची तोफ शिंकते ते सांगितलं. सेठ 'हं' म्हणत होते. हसण्यासारखी जागा आली की मान वळवून मागे बघत, थोडे थांबत, आणि पुन्हा पुढे बघत.

"हं," म्हणत. "मग?"