पाहुणे आले, यंत्र लावा!

पाहुणे येणार म्हटलं की आपल्या कचेऱ्यांच्या अंगात कसं वारं शिरतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. वर्षभर गळणारा नळ तासाभरात दुरुस्त होतो. जिन्यातला दिवा लागतो. कधी न हसणारा कारकून हसतो आणि त्याचे गाल दुखून येतात. पाहुणे गेले की नळ पुन्हा गळायला मोकळा!

पण त्या सिमेंटच्या कारखान्यातला प्रकार याच्याही वरताण होता.

तिथे एक यंत्र होतं. भट्टीत चुनखडी भाजली की खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. खाली कोळसा जाळा नाहीतर आणखी काही, दगड भाजला की हा वायू निघणारच. धुराड्यातून तो वर जातो, पृथ्वीवर पांघरूण घालून बसतो आणि खाली आपण सगळे उकडून निघतो. हे यंत्र तो वायू धुराड्यातच धरायचं, दाबून घट्ट करायचं आणि खोल नळीतून जमिनीच्या पोटात ढकलायचं. तिथे खाऱ्या पाण्याने भरलेला भुसभुशीत खडक, आणि त्याच्यावर झाकणासारखा दुसरा पक्का खडक. उत्तम सोय! खोट एकच. यंत्र वीज फार खायचं. आणि वीज खाणारं यंत्र म्हणजे नफा खाणारं यंत्र. मोठ्या साहेबांना ते डोळ्यांसमोर नको व्हायचं.

तेव्हा साहेबांनी तोंडी हुकूम सोडला होता: पाहुणे आले की लावा, गेले की बंद करा.

हुकूम पाळायचा सुपरवायझरने. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. हा फरक आपण करतो. आभाळ करत नाही.

घरी मात्र त्याचा केवढा मान! त्याच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीभर सांगत फिरायच्या, "आमचे जावई आभाळ निस्तरतात!" हे ऐकून जावई ताटात मान घालून जेवायचा. लोक म्हणायचे, किती विनयी मुलगा!

एके दिवशी सासूबाई आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाला घेऊन कारखाना पाहायला आल्या. फाटकावर साहेबांनीच हौसेने फलक लावला होता: 'या, पाहा, आमचा वायू जमिनीत! नागरिकांचे कधीही स्वागत.' सुपरवायझरने कळ दाबली. यंत्र घरघरलं, नळ्या थरथरल्या, किती वायू जमिनीत जातोय ते दाखवणारा काटा वर चढला. संघाने टाळ्या वाजवल्या.

"हे रोज चालतं?" एका आजोबांनी विचारलं.

"अहो, थांबतच नाही!" म्हणत मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग चहा इतक्या घाईने पाजला की निम्म्या संघाच्या जिभा पोळल्या. हात धरधरून सगळ्यांना बसमध्ये बसवलं.

सुपरवायझरने यंत्र बंद केलं, सुस्कारा सोडला आणि वळून पाहतो तो दारात सासूबाई!

"चष्मा राहिला माझा," त्या म्हणाल्या. मग थबकल्या. "जावईबापू, आवाज कुठे गेला?"

"कसला आवाज, आई?"

"चष्मा विसरलेय मी, कान नाही."

"ते... जरा विश्रांती देतो त्याला. दमतं हो."

"आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही त्याचा?"

खोटं बोलणाऱ्या पोरांचे चेहरे वाचण्यात बाईंचा जन्म गेलेला. त्यांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. "लावा बघू."

"आई, पाहुणे गेले की आम्ही..." जावयाने जीभ चावली. पण सुटायचं ते सुटलंच होतं.

"अस्सं! पाहुण्यांसाठी आहे होय ते? मग मी कोण? मी पाहुणीच की. लावा!"

यंत्र पुन्हा घरघरलं. तशी मोठे साहेब धापा टाकत आत आले. "कोणी लावलं हे? वीज काय तुमच्या..." सासूबाई दिसल्या आणि साहेबांच्या आवाजात एकदम साखर पडली. "बाई, तुम्ही अजून इथेच? अहो, यंत्रात बिघाड आहे, बंद करावं लागेल. सुपरवायझर, सांगा यांना."

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "पाहुणे गेले म्हणून तो वायू निघायचा थांबतो का? वर गेला की पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकतो. माझी नात, तिची नात, सगळ्या त्याच्याखाली उकडणार. आणि टाळ्या मात्र तुम्ही आमच्याकडून आजच वसूल केल्यात!"

"अहो, जगात धुराडी किती! आमच्या एकट्याने काय फरक पडतो?"

"माझ्या वर्गातलं प्रत्येक पोर हेच म्हणायचं, मी एकट्याने बोललो तर कुठे गोंगाट होतो?"

साहेब सुपरवायझरकडे वळले. "तुम्ही बोला. बिघाड आहे की नाही?"

सुपरवायझरने आधी साहेबांकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. 'हो' म्हटलं की नोकरी शाबूत. पण मग त्या घरात ताटावर बसायचं कोणत्या तोंडाने? लेक उद्या विचारील, बाबा, तुम्ही काय करता, तर काय सांगायचं? कळ दाबतो, टाळ्या घेतो, कळ सोडतो?

"नाही साहेब!" तो ओरडलाच. "यंत्र ठणठणीत आहे. बिघाड आपल्यात आहे!"

"उद्यापासून कामावर येऊ नका!"

"नाही येत. पाहुणा म्हणून येतो! तेव्हा तर लावावंच लागेल!"

सासूबाई इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. साहेबांनी हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. कारण ते यंत्र लावता येणारा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता. साहेबांना स्वतःला फक्त ते बंद करायला सांगता यायचं.

सासूबाईंनी गल्लीभर बातमी नेली, आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकावर पाहुण्यांची रीघ लागली. महिला मंडळ आलं. मग न्हाव्यांची संघटना. मग हास्य मंडळ. ते यंत्रापेक्षा मोठ्याने गडगडलं. साहेबांनी फलक काढायला शिडी लावली, तर गर्दी पाहून आलेल्या एका बातमीदाराने शिडीचाच फोटो छापला. पाहुण्यांना चहा पाजून पाजून साहेब मेटाकुटीला आले. शेवटी हात जोडून म्हणाले, "यंत्र कायम चालू ठेवतो, पण तुम्ही घरी जा!"

"जातो," सासूबाई म्हणाल्या, "पण काटा बाहेर लावा. रस्त्यावरून दिसेल असा. आणि खाली पुरलेलं खालीच राहतंय ना, हे तपासायला बाहेरचा माणूस नेमा."

काटा लागला. पुढे एकदा यंत्र खरोखरच बिघडलं. काटा खाली आला मात्र, समोरचा न्हावी अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून धावत आला. फोन खणखणू लागले. "बिघडलंय हो, शप्पथ, खरंच बिघडलंय!" साहेब काकुळतीला येऊन सांगत होते. कोणी विश्वास ठेवेना. मग स्वतः बाह्या सरसावून ते सुपरवायझरला पाने-पक्कड देत उभे राहिले, आणि काटा पुन्हा चढला तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच टाळी वाजवली. खरी.

नागरिकहो, वायू पकडून पुरणं गरजेचं आहे. पण पुरता येतो म्हणून वाट्टेल तेवढा काढायचा, हा शहाणपणा नव्हे. आधी कमी काढा, उरलेला पुरा, आणि पुरतोय असं कोणी सांगितलं तर टाळ्या वाजवून बसमध्ये जाऊन बसू नका. मागे फिरा. यंत्राचा आवाज येतोय का, ते ऐका!