चंद्राच्या होडीतलं पिंप

"पानी कुठं ठेवायचं, मास्तर?"

येसाजी सुताराने माझा आराखडा फळीवर पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर खिळे ठेवले होते.

"कसलं पाणी?" मी विचारलं.

"पियाचं. मानसं किती जानार?"

"चार."

"किती दिवस?"

"पाच. दोन लाख एकोणचाळीस हजार मैल आहेत, दादा."

"मैल नका सांगू. चार मानसं, पाच दिवस, आन् पिंप न्हाय."

१९३१ साल होतं. मुंबईच्या एका मूकपट कंपनीने चंद्रप्रवासाच्या चित्रपटासाठी उरणजवळचं एक मिठागर घेतलं होतं. मिठाच्या राशी हे चंद्रावरचे डोंगर. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि यानाचा आराखडा माझ्याकडे होता. वेग, खिडक्यांचे कोन, उन्हाची दिशा, सगळं मी मांडलं होतं. तहान मांडली नव्हती.

"अहो, यान जागचं हलणारसुद्धा नाही," मी म्हणालो.

"त्ये तुमाला ठावं, मना ठावं. बघनाऱ्याला कशाला सांगता?"

येसाजीने तोवर एकतीस होड्या बांधल्या होत्या. उरणच्या किनाऱ्यावर लोक होडी ओळखत ती तिच्या मालकाच्या नावाने नव्हे, येसाजीच्या. हे यान त्याच्या लेखी बत्तिसावी होडी. तिच्यात त्याने डाव्या कोपऱ्यात सागवानी पिंप बसवलं, वर करवंटी टांगली. झाकणाला जिथे हात पडेल, तेवढीच कड तेल चोळून काळी केली. वर्षानुवर्षं कुणी तिथे हात लावत आल्यासारखी.

कंपनीचे शेठ पाहायला आले आणि हसले. "चंद्रावर पिंप? काढा ते. सगळी चकाकी घालवली."

येसाजीने हातातला तासायचा वाकस खाली ठेवला. "काढा. पन मंग ही होडी माझी न्हाय. कुनी इचारलं तर मी तसंच सांगेन."

"दुसरा सुतार आणू."

"आना."

शेठनी खरोखरच पनवेलला माणूस धाडला. सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता. पण ऊन त्या दिवशी हवं तसं होतं, म्हणून दिग्दर्शकाने पिंपासकटच काम सुरू केलं. येसाजी घरी गेला नाही. बांधावर उकिडवा बसून राहिला.

नायकाच्या अंगावर पत्र्याचं चिलखत होतं. भर दुपारी तिसऱ्यांदा तोच प्रसंग करताना तो बिचारा भान विसरला. कोपऱ्यात गेला, झाकण उचललं, करवंटी बुडवून घटाघटा प्यायला. मनगटाने तोंड पुसलं आणि मग खिडकीशी वाकून बाहेरच्या चंद्राकडे बघत राहिला.

पिंप रिकामं असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. येसाजीने सकाळीच विहिरीवरून भरून आणलं होतं.

"फिरवत राहा," दिग्दर्शक कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला.

आधी दोनदा त्या नायकाने चंद्राकडे बघितलं होतं, पण लांबून आलेला माणूस तो आत्ता दिसला. शेठही बघत होते. "राहू दे ते पिंप," ते येसाजीकडे न बघता म्हणाले. येसाजीने वाकस उचलला आणि राहिलेली फळी तासायला घेतली.

चित्रीकरण संपल्यावर कंपनीने यान मोडलं. फळ्या मिठागराच्या बांधाला लागल्या.

सहा महिन्यांनी उरणला तंबूत तो चित्रपट आला. मी मुद्दाम गेलो. पाट्यांवर शेठचं नाव होतं, कॅमेरावाल्याचं होतं. येसाजीचं नव्हतं. आम्ही दोघं मागे चटईवर बसलो. पुढच्या ओळीत होडीवाले, मधोमध कोंडाजी तांडेल. दुसऱ्याच्या होडीत खोट काढल्याशिवाय कोंडाजीला अन्न गोड लागत नसे.

पडद्यावर यानाचं दार उघडलं. कोंडाजी मोठ्याने म्हणाला, "चांदावर चाल्ले, आन् पानी कुठं हाय रं यांचं?"

ओळ हसली.

यान चंद्रावर पोचलं, तेव्हा नायकाने झाकण उचललं.

"हाय, हाय," कोंडाजीने मान डोलावली. "येसाजीची दिसते. आता जाऊ द्या."

त्याने तंबाखूची चंची कनवटीला खोचली. यान परतीला उडालं. पृथ्वीवरच्या ढगांत शिरताना ते डावीकडे कललं, तशी होडीवाल्यांची अख्खी ओळ तोल सावरायला उजवीकडे झुकली.

येसाजी ताठ बसला होता. तो पडद्याकडे बघतच नव्हता. त्या झुकलेल्या पाठींकडे बघत होता.