नेते आज काय म्हणाले

विधिमंडळात एकतीस वर्षं तिनं दुसऱ्यांचंच बोलणं लिहिलं. अध्यक्षांच्या खुर्चीखाली एक बुटकं टेबल असायचं. तिथं बसून सदस्यांचा शब्दन् शब्द लघुलिपीत टिपायचा, दहा मिनिटांनी दुसरी बाई आली की जागा सोडायची आणि वरच्या मजल्यावर जाऊन मजकूर टंकून द्यायचा. सभागृहात आरडाओरड होवो की कागदांची फाडाफाडी, तिची मान खाली आणि पेन्सिल चालू. कचेरीतले तिला टीपकागद म्हणायचे. थेंब सांडू द्यायची नाही.

निवृत्त झाली आणि तिच्यासमोर कुणी बोलेनासंच झालं. लग्न राहून गेलं होतं, आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. एक भाची होती दूरच्या शहरात. ती रविवारी फोन करायची, "मावशी, जेवलीस ना?" विचारायची आणि उत्तर पुरं व्हायच्या आत "बरं, ठेवते हं" म्हणायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर आवाज म्हणजे नळाचा आणि जिन्यावरून उतरणाऱ्यांचा.

म्हणून ती अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण लावून बसू लागली. पहिल्याच दिवशी हातानं आपणहून पेन्सिल उचलली. चार दिवसांनी पाहते तर अर्धी वही भरलेली. आता एवढं टिपलंच आहे तर कुणाला तरी वाचायला द्यावं, म्हणून तिनं एक पान लिहिलं. वर शीर्षक घातलं, 'नेते आज काय म्हणाले'. नेते म्हणजे सभागृहनेते. तिच्या नोकरीच्या काळात ते साध्या आमदाराचे सत्तेतले पहिल्या क्रमांकाचे वक्ते झाले होते. नमनालाच घडाभर तेल घालायचे, पण मुद्द्यावर आले की समोरची बाकं गप्प व्हायची. पानात डाव्या बाजूला ते काय म्हणाले, उजव्या बाजूला तेच गेल्या वर्षी काय म्हणाले होते. खाली तिची एक-दोन वाक्यं. बस.

इमारतीखालच्या लाँड्रीवाल्यानं ते काचेवर चिकटवलं. कपड्यांची वाट बघणारी माणसं वाचू लागली. "बाई, आज पान नाही का?" असं लाँड्रीवाल्यानं एकदा जिन्याखालून ओरडून विचारलं, तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

पण खरा वाचक एकच, दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी. दुकान बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती, साखरेच्या आजारानं डोळे गेले होते आणि डाव्या पायाची जखम भरत नव्हती. घड्याळजी नेत्यांचे कट्टर भक्त. ती संध्याकाळी पान घेऊन खाली जायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. ते खुर्चीतून भांडायचे.

"तुम्ही त्यांना पाण्यात पाहता, बाई!"

"मी काही पाहत नाही. ते बोलले तेच लिहिते."

"अहो, पण माणूस बोलतो ते सगळंच धरायचं असतं का?"

"मग कशाला बोलतो?"

यावर घड्याळजी हसायचे आणि चहा टाका म्हणायचे. चहा तिलाच करावा लागे. तासभर बरा जायचा.

त्या वर्षी अर्थसंकल्प अडला. मुख्यमंत्री आणि सभागृहनेते एकाच पक्षाचे, पण दोघांचं फाटलं होतं. नेत्यांना आपल्या मतदारसंघात नदीवर पूल हवा होता, मुख्यमंत्र्यांनी तो कापला. नेत्यांनी मग मतदानच पुढं ढकलत नेलं. सात आठवडे भिजत घोंगडं. एकमेकांना टोमणे, सभात्याग, पुन्हा बैठका. तिनं सगळं टिपलं. शेवटी तडजोड झाली. पूल आला, आणि त्याच्या बदल्यात कुठली तरी दहा-बारा किरकोळ कामं वगळली गेली. ती यादी नेत्यांनी एका दमात वाचली. आठव्या ओळीत 'घरभेट परिचर्या योजना' होती. टिपताना तिच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं शुक्रवारी. मंगळवार-शुक्रवार घड्याळजींची जखम बांधायला नर्स यायची. त्या शुक्रवारी आली नाही. मंगळवारीही आली नाही. चौकशी केली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "योजनाच बंद झाली, आजी. वरून."

"वरून म्हणजे कुठून, ते मला सांगू नका," ती म्हणाली आणि घरी येऊन वही काढली. आठवी ओळ. तिच्याच अक्षरात.

पट्टी बांधायचं काम तिनं अंगावर घेतलं. नर्सचं पाहून पाहून जमेल असं वाटलं होतं. हात स्वच्छ धुवायची, औषधाच्या पाण्यानं जखम पुसायची, घड्याळजी दात आवळून विधिमंडळाविषयी बोलत राहायचे. पण तिला जखमेतलं काय कळणार? पंधरा दिवसांत कडा काळवंडल्या. तिनं घाबरून त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. भला माणूस, ओरडला नाही. "मावशी, तुम्ही खूप केलंत," एवढंच म्हणाला. ते तिला ओरडण्यापेक्षा लागलं.

जाताना घड्याळजी म्हणाले, "नेत्यांवर राग धरू नका हो. त्यांना काय ठाऊक?"

"वाचलं त्यांनी स्वतः. मी ऐकलंय."

"वाचणं वेगळं," घड्याळजी म्हणाले. मुलानं गाडीचं दार लावलं.

त्या दिवशीच्या पानावर डावी-उजवी बाजू नव्हती. आठवी ओळ काय होती, ती गेल्यावर दुसऱ्या मजल्यावर काय झालं आणि आपण पट्टी कशी चुकीची बांधली, हे सगळं तिनं लिहिलं. लाँड्रीवाल्यानं वाचलं, डोळे पुसले नाहीत की काही नाही, पण पानाचे फोटो काढून शंभर जणांना पाठवले. ते कुठून कुठं गेलं कोण जाणे. पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आवाज ओळखलात का, बाई?"

ती उभीच राहिली. एकतीस वर्षं तो आवाज तिनं हातानं ऐकला होता. पण तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

"मीही तुम्हाला ओळखतो. माझं एक वाक्य वगळा म्हणून मी चिठ्ठी पाठवली होती. तुम्ही परत पाठवलीत. 'बोललेलं वगळता येत नाही, अध्यक्षांना सांगावं.' फार राग आला होता तेव्हा." ते थोडं हसले. "तुमची पानं कुणी तरी आणून देतं मला. खरं सांगू? सभागृहात आता कुणी ऐकत नाही. सगळे मोबाइलमध्ये. मी दीड तास बोलतो आणि घरी बायकोही विचारत नाही काय बोललात. तुम्ही मात्र स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं म्हणून स्वतःचा राग आला. समोर विजेच्या बिलाचा लिफाफा होता, त्यावर तिची पेन्सिल केव्हाच चालू झाली होती.

"ती नर्सची योजना," ती म्हणाली.

"हां. बघा, पूल राखायचा तर काहीतरी सोडावं लागतं. मुख्यमंत्र्यांनी यादी पुढं केली, मी सही केली. पुरवणी मागण्यांत आणतो परत. शब्द देतो."

"घड्याळजी गेले."

"अरेरे. वारले?"

"नाही. मुलाकडे गेले."

"मग बरं झालं की!" नेते मोकळेपणानं म्हणाले. "चांगलं झालं. घरच्यांत असलेलं केव्हाही बरं."

नेत्यांनी तिच्या प्रकृतीचं दोन शब्दांत विचारलं, आणि हे बोलणं काचेवर लावू नका, अशी विनंती करून फोन ठेवला.

लिफाफ्यावर सगळं होतं, 'मग बरं झालं की' सकट. लावलं असतं तर बातमी झाली असती. तिनं संध्याकाळपर्यंत विचार केला. सभागृहात बोललेलं ते जगाचं. बाहेर बोललेलं तिनं आयुष्यात कुणाला दाखवलं नव्हतं. तिनं लिफाफा फाडला आणि पानावर एकच ओळ लिहिली, 'पुरवणी मागण्या पुढच्या अधिवेशनात. घरभेटीची नर्स त्यात असेल का, ते पाहू.'

नर्स त्यात होती. तीन महिन्यांनी नेत्यांनी मागणी मांडली आणि भाषणही केलं. "अध्यक्ष महाराज, एका वृद्ध घड्याळजीला या राज्यात नर्स मिळाली नाही म्हणून आपलं घर सोडावं लागलं. ही आपल्या सगळ्यांना लाजिरवाणी गोष्ट आहे!" बाकं वाजली. विरोधकांनीही वाजवली. योजना परत आली, मात्र आठवड्यातून दोनदाऐवजी महिन्यातून एकदा. ते त्यांनी शेवटी घाईघाईत वाचलं.

तिनं घड्याळजींना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

"बघा!" त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण खुशी लपत नव्हती. "माझं नाव काढलं त्यांनी सभागृहात. मी म्हणत नव्हतो?"

"नाव नाही काढलं. नुसतं 'एका वृद्ध घड्याळजीला' असं म्हणाले ते."

"मग आणखी कोण आहे घड्याळजी?"

तिला भांडायचं होतं. महिन्यातून एकदा येऊन जखम बांधतात का, आणि लाज वाटायला तीन महिने लागतात का, असं विचारायचं होतं. पण घड्याळजी खोकत होते आणि मागून सून म्हणत होती, "बाबा, पुरे आता." ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." ते ऐकून घड्याळजी म्हणाले, "बाई, बरं आहे ना तुमचं?"

पुढच्या महिन्यात नवी नर्स आली. तरणीताठी, खांद्याला पिशवी, हातात यादी. दुसऱ्या मजल्यावर कुलूप पाहून वर आली.

"ते इथं राहत नाहीत आता," तिनं सांगितलं.

नर्सनं यादीवर काट मारली आणि पेन तसंच धरून खोलीत डोकावून पाहिलं. "जागा मोकळी झाली एक. तुमचं घालू का, आजी? कोण कोण असतं घरी?"

"मला काही झालेलं नाही."

"झालेलं कुठं म्हणतेय मी. कोण असतं?"

एवढी वर्षं सगळ्यांचं लिहिलं, पण हे वाक्य तिनं मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. तिनं दाराला हात टेकला.

"कुणी नाही. मी एकटीच असते. लिहा."

नर्सनं लिहून घेतलं, चपला काढल्या आणि आत येऊन विचारलं, "पंखा लावू का?"