शाफ्टवरचे पत्रे

इमारतीच्या मधोमध एक शाफ्ट आहे. प्रत्येक मजल्यावर झोपायच्या खोलीची खिडकी त्यातच उघडते. कबुतरांना कंटाळून सोसायटीने शाफ्टच्या तोंडावर पत्रे ठोकले. हवा कोंडली. लोकांनी एसी घेतले आणि त्यांचे बाहेरचे डबे त्याच शाफ्टमध्ये टांगले. गरम वारा आतच घुमू लागला, म्हणून खिडक्या बंद; खिडक्या बंद, म्हणून एसी दिवसभर.

वरच्या मजल्यावरच्या नर्सच्या मुलीला दमा होता. बंद खोलीत भिंतीवर बुरशी आली आणि दमा बळावला. नर्सने सेक्रेटरीला गाठले. तो तिचा मोठा दीर, तळमजल्यावर राहणारा.

"भाऊजी, शाफ्टवरचे पत्रे काढायचेत."

"आणि कबुतरं? ती काय तुझ्या सासरची आहेत?"

"सासरचे तर तुम्ही आहात. पत्रे हातभर वर उचला, बाजूंनी जाळी लावा. पाऊसही नाही, कबुतरंही नाहीत."

"त्यापेक्षा एक मोठा एसी घे."

"माझा एसी शेजारणीला भाजतो, तिचा मला. तिकडे विजेसाठी कोळसा जळतोय तो वेगळाच."

"मीटिंगमध्ये बघू."

"तोवर पोरीने श्वास रोखून धरायचा का?"

आतून जाऊबाई म्हणाल्या, "यांचं 'बघू' मी लग्नापासून ऐकतेय. गच्चीची किल्ली देऊ का गं?"

"किल्ली नको, यांचा होकार हवा. भाऊजी, वर चला."

"आमच्याकडे कुठे एवढं गरम होतं? उगाच बाऊ करतेस," असे म्हणत तो निघाला. नर्सने मुलीच्या खोलीची खिडकी उघडली. "हात बाहेर काढा."

त्याने हात काढला आणि लगेच मागे घेतला. सगळ्या मजल्यांची गरम हवा वर चढून इथे, पत्र्यांखाली अडकत होती. तळमजल्यावर ती कधी पोचलीच नव्हती.

"मोठे काका, लावा ना खिडकी," मुलगी पंप हातात धरून म्हणाली. "मला खोकला येतो."

त्याने खिडकी लावली. तिथेच उभे राहून फॅब्रिकेटरला फोन केला. "मीटिंगचं मी बघतो. तुम्ही उद्या या."

पत्रे उचलले गेले त्या दुपारी नर्सने एसी बंद करून खिडकी सताड उघडली. हवा कोमट होती, पण हलत होती. खोकला एवढ्यात जाणार नव्हता. बुरशी अजून भिंतीवर होतीच. तिने पलंग ओढून बाजूला केला, मुलीला खाली काकूकडे पाठवले आणि भिंत खरवडायला घेतली.