पाटलीण निघाली की निघायचं

मित्रांनो, माणसाला थोडी तरी लाज असावी. तो योगराज रोज ट्रकच्या खिडकीतून माझ्यापुढे बिस्कीट टाकायचा. खाली उतरायचा नाही. वरूनच टाकायचा, दुरून देवाला फूल फेकावं तसं. मी तोंड लावत नव्हते. माझं पोट काही सोन्याचं नाही, एखादे वेळी खाल्लंही असतं. पण ज्या दिवशी बिस्कीट टाकायचा, त्याच दिवशी पुलावरून इंजिन बंद करून उतरायचा. माझा पाय ज्या खोडीने नेला ती खोडी तशीच, आणि वर बिस्कीट!

मी एक जुनी कुत्री आहे. म्हातारी कधी म्हणायचं ते मी ठरवीन. सुरतेत, नवागामकडून पलसाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक पूल उतरतो. त्याच्या पायथ्याशी चार रस्ता, म्हणजे चौक आहे, सिग्नल आहे आणि कोपऱ्यावर सुकदेव आप्पांचं पंक्चरचं दुकान आहे. त्या दुकानामागे एका फाटक्या टायरात माझा जन्म झाला. आम्ही पाच भावंडं. बाकीची रस्त्याने नेली. मी राहिले, कारण मी ऐकायला शिकले.

माझी शाळा म्हणजे तो चौक. तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात, मला तसे दिसत नाहीत. वरचा दिवा, मधला दिवा, खालचा दिवा, एवढंच कळतं. म्हणून मी दिव्यावर विसंबत नाही, ट्रकवर कान ठेवते. थांबणारा ट्रक आधीच आवाज खाली आणतो आणि पुरता थांबला की ‘फुस्स’ करून श्वास सोडतो. न थांबणारा ट्रक मधला दिवा पाहून जास्तच गुरगुरतो. मोठ्या गाडीने श्वास सोडल्याशिवाय मी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यावर कधी पाय ठेवला नाही.

हे पहिल्यांदा ओळखलं सरलाबाईने. ती धुळ्याकडची, नवागामात राहते आणि पलीकडच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, साड्यांचे धागे कापते. कामाची पाळी गाठायची म्हणून सकाळी बायकांची रांग लागते. समोरच्यांचा पिवळा लागला की आपला हिरवा आलाच, असं म्हणून त्या पाय टाकायच्या. तिकडे ट्रकवाला म्हणायचा, अजून लाल कुठे झालाय? दोघांचंही खरं, आणि दोघं त्याच जागी येणार! एकदा सरलाबाईच्या पदराला ट्रकचा वारा लागला. त्या दिवशी मी मात्र काठावरच बसून होते. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि बायकांना म्हणाली, “दिवा गेला खड्ड्यात. ही निघाली की निघायचं.”

“कुत्रीच्या मागे जायचं?” एकीने विचारलं.

“तुझ्या नवऱ्यामागे गेलीस, तेव्हा विचारलंस का?”

सगळ्या हसल्या. मी चालू लागले, त्या मागून आल्या. मी चौकात बसते कशी, तर सगळा गाव माझ्याच नावावर असल्यासारखी, म्हणून त्यांनी मला पाटलीण नाव दिलं. ते मला शोभतं. कुणी भाकरीचा तुकडा आणायची, कुणी कालची खिचडी. कितीतरी वर्षं मी त्यांना पलीकडे नेलं आणि एकीलाही ओरखडा आला नाही.

सुकदेव आप्पा स्वतः जुने ड्रायव्हर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी ट्रक पुतण्याला दिला आणि पंक्चरचं दुकान टाकलं. तो पुतण्या म्हणजे हा योगराज. आप्पांनी त्याला माझ्यादेखत शिकवलं होतं. “हिरवा दिवा बराच वेळ पेटलेला दिसला, तर तो शिळा समज. शिळ्या हिरव्यावर भरवसा नको. दुरूनच पाय सैल कर. पिवळा रिक्षाला पुरतो. आपल्या मागे कापडाचे ताके भरलेले असतात, आपल्याला पुरत नाही.”

“हो आप्पा,” योगराज म्हणायचा. मान अशी हलवायचा, जशी मी भाकरी पाहून शेपूट हलवते.

पण इतर ड्रायव्हरांचं पाहून त्याने एक नवीच अक्कल उचलली. पुलाच्या माथ्यावर गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं आणि उतारावर गाडी तशीच सोडायची. डिझेल वाचतं म्हणे. पण इंजिन बंद झालं की ब्रेकची नवी हवा भरत नाही. दोन-चारदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते, मग दाबणारा कितीही दाबो. आणि अशी गाडी गुरगुरत नाही. टायरची सळसळ चौकाच्या गोंगाटात बुडून जाते.

त्या सकाळी रिक्षा थांबल्या, टेम्पो थांबले. कानाला मोठं काही लागलं नाही. मी निघाले, बायका मागून निघाल्या. अर्ध्यावर आल्यावर माझ्या पंजांखालचा रस्ता थरथरला. मी होते तिथेच उभी राहिले.

“चाल वं पाटलीण!” मागून सरलाबाई ओरडली. तिचा डबा माझ्या पाठीला लागला. मी हलले नाही.

योगराजचा ट्रक मुकाट आला आणि तुमच्या लाल दिव्यातून मुकाटच गेला. माझा पुढचा डावा पाय घेऊन गेला. बायका माझ्या मागे उभ्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. सरलाबाई रस्त्यातच मटकन बसली, मला मांडीवर घेतलं आणि अशी रडली, की तिची पाळी बुडाली तरी तिला भान नव्हतं. आप्पांनी ट्यूबची पट्टी कापून माझं रक्त बांधलं आणि दवाखान्यात नेलं. पाय वाचला नाही.

आणि योगराज काय म्हणाला? “कुत्री मध्येच उभी राहिली आप्पा, मी काय करू?”

मी तीन पायांवर चालायला शिकेपर्यंत बायका माझ्याविना जाऊ लागल्या, पुन्हा दुसऱ्यांच्या पिवळ्यावर पाय टाकत. मी दुकानातून पाहत बसायची. पायापेक्षा ते जास्त दुखायचं. योगराजची बिस्किटं तेव्हापासून सुरू झाली आणि इंजिन बंद ते बंदच. उद्या या रांगेत कुणाची आई असेल, मित्रांनो, आणि मध्ये उभी राहायला मी नसेन.

शेवटी आप्पाच उठले. काल सकाळी योगराज हवा भरायला दुकानात आला, तर त्याचं मनगट धरून त्यांनी त्याला पट्ट्याच्या काठावर आणलं. दुसरा हात माझ्या मानेवर ठेवला.

“डोया मीच,” ते आपल्या अहिराणीत म्हणाले, डोळे मीट म्हणून. “माले जसं दिसस तसं तुले दिसू दे. आता कान लाव. गाडी वनी का?”

“आप्पा, लोक बघतायत.”

“बघू दे. गाडी वनी का, सांग.”

योगराजने डोळे मिटले आणि गाडी आली का, ते कान लावून ऐकू लागला. मधला दिवा लागून गेला, रिक्षा थांबल्या. पण माझ्या पंजांखाली रस्ता थरथरत होता. माझी मान ताठ झाली, ते आप्पांच्या हाताला कळलं.

“नई वनी,” योगराज म्हणाला. “रस्ता मोकळा आहे.” आणि त्याने पाय टाकला.

आप्पांनी त्याला कॉलरला धरून मागे ओढलं. कुणा परक्याचा भरलेला ट्रक, इंजिन बंद, त्याच्या नाकासमोरून गेला. योगराजच्या कपाळावरचे केस उडाले. तो तिथेच खाली बसला आणि त्याने पहिल्यांदाच माझ्या तुटक्या पायाकडे पाहिलं. आप्पांना बोलायचं ते त्या वाऱ्याने बोलून झालं होतं.

लेकरांनो, तुम्हीही रस्ता ओलांडता. दुसऱ्याच्या पिवळ्यावर पाय टाकू नका. आपला दिवा लागला तरी मोठ्या गाडीने श्वास सोडलेला ऐका, तिचं चाक थांबलेलं बघा, मग निघा. आणि मोठे होऊन चाकामागे बसाल, तेव्हा तुमची गाडी लोकांना ऐकू येऊ द्या.

आज सकाळी पाळीच्या वेळेला मी काठावर येऊन बसले. सरलाबाई माझ्या मागे उभी राहिली, तिच्यामागे सगळी रांग. तेवढ्यात पुलावरून घरघर आली. ओळखीचा ट्रक, इंजिन चालू. खालचा दिवा केव्हापासून पेटलेला होता, पुरता शिळा. ट्रकने तरी आवाज खाली आणला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवून बेजार झाला, तरी हा आपला सावकाश. मग मधला दिवा लागला, वरचा लागला, आणि ट्रक पट्ट्याच्या अलीकडे उभा राहिला.

फुस्स.

मी उठले. तीन पायांवर चालायला वेळ लागतो, पण एकही बाई माझ्या पुढे गेली नाही. त्या पलीकडे पोचल्या आणि मी ट्रकपाशी वळले. योगराज खाली उतरून बसला होता, तळहातावर बिस्कीट धरून.

मी त्याच्या तोंडाकडे पाहून एकदाच, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं भुंकले. त्याला कळलं असेल-नसेल, तुम्हाला सांगते काय म्हणाले ते:

“आजचं खाते. उद्याचं उद्या, तू पुलावरून कसा उतरतोस ते ऐकून.”