एकाच क्रमांकाची दोन पत्रं

रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेचे मालक होते म्हातारे डॉक्टर, पण हुकूम चालायचा त्यांच्या जावयाचा. पाठीमागे सगळे त्यांना जावईबापू म्हणत. रक्तातलं त्यांना काही कळत नव्हतं, संगणकातलं त्याहून कमी. टापटीप मात्र आपल्यालाच कळते, असा त्यांचा पक्का समज होता. तातडीचा अहवाल असला की रुग्णाच्या डॉक्टरांना फोन करायची जुनी पद्धत त्यांनी गावंढळ म्हणून बंद केली होती. ईमेल गेला की काम झालं.

एकदा एका ईमेलचा सगळा तपशील त्यांच्याकडून चुकून उघडला गेला. त्यात अक्षरं, आकडे आणि टिंबांची एक लांबलचक ओळ दिसली. संगणक सांभाळणाऱ्या बाईंना बोलावून त्यांनी विचारलं, हा काय कचरा आहे. बाईंनी सांगितलं, तो यंत्राने दिलेला ओळखक्रमांक. माणसांनी वाचायचा नसतो. दोन ईमेलना एकच क्रमांक पडला नाही म्हणजे झालं.

जावईबापूंना ते मिळमिळीत वाटलं. संस्थेला शोभेल असा क्रमांक हवा: नाव, तारीख आणि रोज सकाळी एकपासून सुरू होणारा आकडा. बाई म्हणाल्या, आपल्या शाखा दोन आहेत, दोन्हीकडे तेच आकडे निघतील.

"बाई, तो क्रमांक बघतंय कोण?" जावईबापू हसून म्हणाले.

बाईंनी हात लावायला नकार दिला. मग जावईबापूंनी बाहेरच्या माणसाकडून ते दुपारभरात करून घेतलं आणि आठवडाभर येईल त्याला कौतुकाने दाखवलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही शाखांमधून बाहेरच्या एकाच डॉक्टरांना एकाच दिवशी एकेक अहवाल गेला. दोन्हींवर तोच क्रमांक, त्या दिवसाचा सातवा. डॉक्टरांकडच्या यंत्राने पहिला ठेवला. दुसरा आधीच आलेला समजून मुकाट्याने टाकून दिला. त्या दुसऱ्या अहवालात एका निवृत्त घड्याळदुरुस्तीवाल्याचं पोटॅशियम इतकं वाढलेलं होतं, की हृदय केव्हाही दगा देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घड्याळदुरुस्तीवाल्यांची मुलगी प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. वडिलांच्या पायांतलं बळ गेलंय, डॉक्टर म्हणतात अहवाल आलाच नाही, असं ती सांगत होती. जावईबापूंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि 'पाठवला' या शब्दावर बोट ठेवलं. आमच्याकडून गेलाय, डॉक्टरांना नीट शोधायला सांगा.

आतून बाईंनी ऐकलं. त्यांनी अहवाल उघडला, आकडा पाहिला, डॉक्टरांना फोन लावून तो वाचून दाखवला. तासाभरात मुलीचे वडील रुग्णालयात होते. वाचले, पण दोन दिवस लेकीच्या जिवात जीव नव्हता.

बाईंनी दोन्ही ईमेलचे तपशील छापून म्हाताऱ्या डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवले. संध्याकाळच्या आत जुनी कचऱ्याची ओळ परत आली. जावईबापू मात्र वरमणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीवर चौकटीत कागद लावला: ईमेलच्या ओळखक्रमांकाच्या स्वरूपाबाबत रुग्णांनी जागरूक राहावे. म्हणजे खड्डा यांनी खणायचा आणि पडणाऱ्याने खाली बघून चालायचं.

वडिलांची पुन्हा तपासणी करून घ्यायला आलेल्या मुलीने तो कागद दोनदा वाचला आणि बाईंना हळूच विचारलं, "हे मी बघायला हवं होतं का?"

"तुम्ही कशाला बघायचं?" बाई म्हणाल्या. "ते आम्ही नीट ठेवायचं. आम्हीच बिघडवलं होतं."

त्यांनी कागद काढला आणि चुरगळून टोपलीत टाकला. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते पाहिलं. फोनची जुनी पद्धत आजपासून पुन्हा सुरू, एवढंच जावयाला सांगून ते आत गेले.

अहवाल चारला तयार होईल, डॉक्टरांना फोनही करू, असं बाईंनी मुलीला सांगितलं. तिने मान डोलावली. तरी चार वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही.